दिवे तालाच्या मागे का पडतात

लातूरच्या मंडळाच्या रोषणाईत दिवे सुरुवातीला तालात असतात आणि आरती संपेपर्यंत मागे पडतात, अशी एकाची तक्रार आहे. फरक हळूहळू वाढत असेल तर वायरिंग उकलू नका, आधी गाण्याची फाइल बघा. बदलत्या बिटरेटच्या (दर सेकंदाला लागणाऱ्या डेटाच्या) एमपी३मध्ये वेळेचा हिशेब चुकू शकतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून ४४,१०० हर्ट्झ आणि स्थिर १९२ केबीपीएसवर नव्याने एक्स्पोर्ट करा.

गाण्याची काटछाट समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) समेपर्यंतच करा. केरवा असेल तर ८ मात्रांचं आख्खं आवर्तन (तालाचा पूर्ण फेरा) काढायचं, नाहीतर ठेका लंगडतो. कापण्याआधी ऑडॅसिटीत झेड दाबलं की निवडीच्या कडा आवाजाची लहर शून्य रेषा ओलांडते तिथे सरकतात, जोडावर 'टक्' येत नाही. तरी आला तर १०-२० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढवणं) पुरतो.

एक्सलाइट्समध्ये, म्हणजे गाण्यावर दिवे बसवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, २५ मिलिसेकंदांची फ्रेम (दिवे बदलण्याचा सर्वात छोटा टप्पा) ठेवा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला बरोबर २० फ्रेम येतात. सिक्वेन्स (दिव्यांचा क्रम) बसवायला सुरुवात केल्यावर मात्र गाण्याला हात लावू नका. अर्धा सेकंद कापला तरी पुढचं सगळं सरकतं.

फरक पहिल्यापासून तेवढाच राहत असेल तर दोष ब्लूटूथचा. स्पीकरला सरळ वायर जोडा. आणि स्पीकर गर्दीपासून ३४ मीटरवर असेल तर आवाजच सुमारे १०० मिलिसेकंद उशिरा पोचतो, स्पीकर गर्दीजवळ आणा.