मदत हवी आहे: अलंग-मदन-कुलंगच्या ट्रेकसाठी कोणतं बीकन घ्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे सातआठ जण पावसाळा संपला की अलंग-मदन-कुलंगला जातो. गेल्या नोव्हेंबरात कुलंग उतरताना मित्राचा पाय मुरगळला. घोटा एवढा सुजला की बुटाची नाडी कापावी लागली. एकाच्याही फोनला रेंज नव्हती. एक जण धावत आंबेवाडीला गेला, गावातली माणसं डोली घेऊन वर येईपर्यंत चार तास गेले. डोक्याला मार लागला असता तर, हा विचार अजून झोपू देत नाही.

तेव्हापासून बीकनबद्दल, म्हणजे संकटात उपग्रहामार्फत मदतीची हाक देणाऱ्या यंत्रांबद्दल, वाचतोय. विमानातलं ईएलटी आपटण्याच्या धक्क्यानं आपोआप सुरू होतं. बोटीवरचं ईपर्ब बोट बुडाली की पाण्याच्या दाबानं सुटून वर तरंगतं. माणसानं जवळ बाळगायचं ते पीएलबी, आणि ते हातानं अँटेना उघडून बटण दाबल्याशिवाय चालत नाही. तिन्ही ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देतात. म्हणजे आम्हाला पीएलबीच हवं. ऑनलाइन एक जुनं, स्वस्त यंत्र दिसलं होतं, पण ते फक्त १२१.५ मेगाहर्ट्झचं. ती वारंवारिता उपग्रहांनी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद आहे, म्हणून सोडून दिलं.

आता मावसभाऊ ऑस्ट्रेलियाहून येताना त्याचं पीएलबी आणतो म्हणतोय. घेऊ का? की सरळ सॅटेलाइट मेसेंजर घ्यावा, निदान दोन ओळी तरी पाठवता येतील? जाणकारांनी कृपया सांगा, दिवाळीनंतर परत निघायचंय.

प्रतिसाद:

मी जहाजावर असतो, घर नाशिकरोडला. भावाचं यंत्र तसंच आणू नका. प्रत्येक बीकनच्या ओळख क्रमांकात देशाचा कोड भरलेला असतो, भारताचा ४१९, ऑस्ट्रेलियाचा ५०३. तुम्ही कुलंगवर बटण दाबलंत तर ठिकाण बंगळुरूच्या इस्रो केंद्राला कळेल, पण यंत्र कुणाचं आणि घरचा फोन कोणता हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत बघावं लागेल. तिथे नाव भावाचं. शोध घेणारे त्याच्या घरी फोन करणार, आणि तुम्ही कुठे गेलात हे त्या घरात कुणाला माहीत? आधी दूरसंचार विभागाकडे परवान्याचं विचारा, भारतीय कोडचं यंत्र घ्या आणि बंगळुरूला नोंदणी करा. मेसेंजरचा विचार सोडाच. परवानगीशिवाय इरिडियम किंवा थुरायाचं उपग्रहावर चालणारं यंत्र बाळगणाऱ्यांना आपल्याकडे अटक झालेली आहे.

यंत्र आलं की तपासायला सेल्फ टेस्टचंच बटण दाबा, खरं दाबलंत तर खरोखर शोध सुरू होईल. वापरताना कड्याला चिकटून बसू नका, आकाश मोकळं दिसेल तिथे ठेवा. एकदा सुरू केलं की किमान २४ तास चालतं, मदत येईपर्यंत बंद करायचं नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत, ज्यांनी डोली आणली त्या आंबेवाडीकरांचे नंबर घेऊन ठेवा. निघताना कोणत्या वाटेनं जाणार आणि किती वाजता उतरणार हे कागदावर लिहून त्यांच्याकडे देऊन जा.