राउटर टेबल: तयार घ्यावं की घरी बनवावं?

दोन_सूत
फोटोफ्रेमच्या सागवानी पट्ट्यांना मागून ९ × ९ मिमी खाच मारायची आहे, शिवाय छोट्या कपाटाच्या चौकटीला ग्रूव्ह (लांब खोबण). पट्ट्या २० ते ४० मिमी रुंद, त्यामुळे राउटर (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटने, लाकूड कोरणारं यंत्र) वरून चालवला की डुलतो; म्हणून तो खालून उलटा टांगलेलं टेबल हवं. सध्या ५५० वॅटचा, ६ मिमी कॉलेटचा (बिट आवळून धरणारी पकड) ट्रिमर, म्हणजे छोटा राउटर, आहे. जागा म्हणजे चार बाय सहा फुटांची बाल्कनी. स्वस्तातलं तयार टेबल घ्यावं की प्लायमधून करावं? ट्रिमर पुरेल का?

गुण्या
बनवाच. स्वस्त तयार टेबलांचा वरचा भाग लहान असतो आणि फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी पट्टी) प्लास्टिकचा, दाबला की वाकणारा. तेवढ्या पैशात प्लाय, सनमायका आणि राउटर टांगायची प्लेट येते.

वरचा फळा ६०० × ४५० मिमी पुरे. १८ मिमी प्लायचे दोन तुकडे फेविकॉलने एकावर एक चिकटवा, रात्रभर शिकंज्यात ठेवा. सनमायका वर आणि खाली, दोन्हीकडे. एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल पिते आणि फळा वाकतो. फळा मधे अर्धा मिमी जरी बसला, तरी लांब पट्टी त्यावर पुलासारखी टेकते: खाच टोकांना बरोबर, मधे उथळ. मग दोष बिटला दिला जातो.

प्लेट १० मिमी बेकेलाइटची. पॅनेलचं सामान ठेवणाऱ्या इलेक्ट्रिक दुकानात तुकडा मिळतो. अॅक्रिलिक नको, जड राउटर टांगला की काही महिन्यांत झोळ पडतो. फळ्यातली बैठक प्लेटच्या जाडीपेक्षा १ मिमी जास्त खोल ठेवा आणि चार कोपऱ्यांत खालून एम५ स्क्रू द्या. स्टीलची पट्टी आडवी धरून स्क्रू फिरवत प्लेट फळ्याच्या पातळीत आणायची. नख फिरवलं की अडायला नको.

फेन्सवर मात्र पैसे घालू नका. बिट गोल असतो, त्यामुळे फेन्स टेबलाच्या कडेला समांतर असण्याची गरजच नाही. सरळ आणि टेबलाशी काटकोनात असला की झालं. एका टोकाला बोल्ट, दुसऱ्याला शिकंजा. बिट दोन्हींच्या बरोबर मधे असेल, तर मोकळं टोक २ मिमी सरकवल्यावर बिटपाशी १ मिमीच फरक पडतो. यापेक्षा सोपी बारीक सेटिंग विकतच्या टेबलातही नसते.

कॉलेट_६
फळ्याबद्दल पटलं, प्लेटबद्दल नाही. १० मिमीची प्लेट मोठ्या राउटरला ठीक. ट्रिमरचे बिट आखूड. १० मिमी प्लेटमध्येच गेल्यावर वर काय उरणार? ६ मिमी ॲल्युमिनियम घ्या. ट्रिमरची काळी बेस प्लेट काढा, तिचीच भोकं खुणा म्हणून वापरा, तेच पण थोडे लांब स्क्रू लावा. बिटसाठीचं भोक बिटपेक्षा ३-४ मिमीच मोठं असू द्या, नाहीतर पट्टीचं टोक त्यात बुडतं.

९ × ९ ची खाच ट्रिमर मारेल, पण ३-३ मिमीच्या तीन फेऱ्यांत. एकदम मारली तर मोटार दबते, बिट घासतो आणि साग काळा पडतो. हळू ढकलल्यानेही काळा पडतोच.

बिट घेताना शँक (कॉलेटमध्ये जाणारी दांडी) मोजून घ्या. दोन सुती म्हणजे ६.३५ मिमी, तो ६ च्या कॉलेटमध्ये जात नाही. उलट ६.३५ च्या कॉलेटमध्ये ६ चा बिट जातो, पण कितीही आवळा, चालू असताना सरकतो. टेबलात सरकला की वर येतो आणि खाच आपोआप खोल होत जाते. १२ आणि १२.७ चंही हेच. शँक तळाला टेकवून २ मिमी वर घ्या, मग आवळा. टेकलेलाच आवळला तर पकड नीट बसत नाही.

रंधा_जुना
दोघांनी स्विचचं सोडलं. ट्रिमरचा स्विच टेबलाखाली ‘चालू’च राहतो. वीज गेली, तुम्ही बिटजवळ हात घातला आणि वीज आली, तर? २३० व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर आणि हिरवं-लाल पुश बटण लावा; वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं पुन्हा दाबेपर्यंत ट्रिमर सुरू होत नाही. इलेक्ट्रिशियनला ‘होल्डिंग घेऊन जोड’ म्हटलं की कळतं. विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर असाच असतो, अर्थात त्यावर ‘ऑटो’ (वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा) बसवलेला नसेल तर. बिट बदलताना मात्र प्लगच काढायचा.

लाकूड उजवीकडून डावीकडे ढकला, फेन्स तुमच्या पलीकडे. पट्टी बिट आणि फेन्सच्या मधून कधीही नको; बिट ती हिसकावून फेकतो आणि मागे तुमची बोटं जातात.

दोन_सूत
कळलं. पण २० मिमीची पट्टी ९ मिमी खाच मारताना धरायची कशी?

रंधा_जुना
धरायचीच नाही. ८०-१०० मिमी रुंद फळी घ्या, दोन्ही कडांना खाच मारा, मग दोन्हीकडून २० मिमीच्या पट्ट्या चिरून घ्या. उरलेल्या फळीला रंधा मारून पुन्हा तेच. शेवटी ४० मिमीचा तुकडा उरला की थांबा, तो दुसऱ्या कामाला.

कॉलेट_६
आणि बाल्कनी आहे म्हणून: फेन्सच्या मागे, बिटच्या बरोबर पाठीला, ५० मिमी पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसवून व्हॅक्युम जोडा. खाचेचा भुसा बराचसा तिथूनच निघतो. ग्रूव्हचा खालून पडतो, त्याला प्लेटखाली खोका हवा. पण ट्रिमरची हवेची भोकं झाकली जाऊ देऊ नका.