प्रति: ताळेबंदाचा आकार म्हणजे नेमकं काय?
ताळेबंदाचा आकार म्हणजे कंपनीचं नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी), असं वर म्हटलंय, ते पटलं नाही. आकार म्हणजे एकूण मालमत्तेची बेरीज, मग ती भांडवलातून आलेली असो की उसन्या पैशातून. शंभराचं कर्ज काढून नुसतं बँकेत ठेवलं तरी ताळेबंद शंभराने फुगतो, नक्त मूल्य मात्र जागच्या जागी.

कर्जकरारात खरी मेख असते ती हा आकार कोणत्या लेखा मानकाने, म्हणजे हिशेब मांडायच्या कोणत्या नियमांनी मोजायचा यात. आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं आणि भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागा, वाहनं बहुतांशी ताळेबंदात आली: एका बाजूला वापराचा हक्क, दुसऱ्या बाजूला उरलेल्या भाड्याचं देणं. तेव्हा मी एक कर्जकरार तपासत होतो. अट अशी, की एकूण देणी एकूण मालमत्तेच्या ६० टक्क्यांवर जाऊ नयेत. शंभराच्या मालमत्तेवर ५८ देणी होती. दोन्हीकडे दहा-दहा वाढले आणि प्रमाण थेट ६२ वर गेलं! नवं कर्ज एका पैशाचंही नव्हतं. सुदैवाने 'करार झाला त्या दिवशीच्या मानकांनुसार मोजावे' असं कलम होतं, म्हणून अटीचा भंग ठरला नाही. हे कलम सही करण्यापूर्वीच मागून घ्या.