गृहयुद्धानंतर नोकरशाही उभी करताना आधी छाटणी की आधी मोजणी?

परभणीकर:
लायबेरियात 1989 ते 2003 या काळात दोन गृहयुद्धं झाली. तिजोरी रिकामी, पगारपत्रक मात्र फुगलेलं. अशा वेळी आधी माणसं कमी करायची की कामावर कोण आहे ते मोजायचं? आणि मोजतात कसं?

उदगीरकर:
आधी मोजणी, त्यात तडजोड नको. वित्त खात्याचं पगारपत्रक, सेवापुस्तकं आणि कचेरीचं मस्टर शेजारी शेजारी ठेवायचं. नुसतं पगारपत्रकात दिसणारं नाव संशयित, पण लगेच कापू नये. लढाईत कचेऱ्या जळतात; खरा शिक्षक कागदाविना राहतो आणि बोगस माणसाकडं कागद कोरे करकरीत असतात. म्हणून सगळ्या जिल्ह्यांत एकाच दिवशी ओळख पटवून पगार हातात द्यायचा. दिवस वेगळे ठेवले की एकच माणूस दोन ठिकाणी उभा राहतो. फोटो, बोटांचे ठसे तिथंच घ्यायचे. जो आला नाही त्याचा पगार थांबवायचा, नाव काढायचं नाही. मुदत द्यायची, गावकऱ्यांची साक्ष घ्यायची.

मोजणारे त्याच खात्यातले नकोत. बोगस नावाचा पगार बहुतेक वेळा आतलंच कुणीतरी उचलत असतं. शिवाय नवी नेमणूक वित्त खात्याच्या मंजुरीशिवाय पगारपत्रकावर चढली, तर सगळी मेहनत पाण्यात.

गोदाकाठ:
उदगीरकर सरांशी सहमत. छाटणी करायचीच तर थकलेला पगार आधी चुकता करा. लढाई नुकती संपलेल्या देशात थकबाकी ठेवून माणसं घरी पाठवणं धोक्याचं, विशेषतः सैनिक आणि पोलीस.

पैशाची गळती हा वेगळा विषय. लायबेरियात सप्टेंबर 2005 मध्ये ‘जीमॅप’ करार झाला, म्हणजे सरकारी कारभार आणि पैशाच्या व्यवहाराला बाहेरून मदत देण्याचा करार. वित्त खातं, बंदर, विमानतळ अशा ठिकाणी खर्चाला परदेशी तज्ज्ञाचीही सही लागू लागली. सही करणारा परत गेल्यावर काम रेटणारी स्थानिक माणसं तोवर घडवली नाहीत, तर तो पहारा तात्पुरताच.

परभणीकर:
आपल्याकडच्या 1948 शी, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या वेळेशी, तुलना चालेल का?

उदगीरकर:
अर्धीच. पोलीस कारवाई पाच दिवसांत आटोपली. निजामाचं दफ्तर उर्दूत होतं, पण होतं. मोजणी शून्यापासून करावी लागली नाही. अडचण आली ती माणसांची. मुंबई, मद्रासकडून अधिकारी आणले आणि नोकऱ्या बाहेरचेच पटकावतात ही तक्रार वाढत गेली. त्यातूनच 1952 मध्ये मुल्की, म्हणजे स्थानिकांनाच नोकऱ्या द्या असं म्हणणारं, आंदोलन पेटलं. लायबेरियाच्या दुसऱ्या सहीशी ताडून पाहायचंच असेल, तर हे ताडून पाहा.