सोसायटीचा ग्रुप: आर्याचा परकर आणि फडावरची मापं

मंगळवार

आर्याची आई (ए-४०१): माई, एक विचारायचं होतं. दसऱ्याला कपाट आवरताना सासूबाईंची नारायणपेठ निघाली. गर्द जांभळी, काठ हिरवा. मधे दोन ठिकाणी विरलीय, त्यामुळे नेसता येणार नाही. बोहारणीला द्यायला हात होत नाही. आर्याला दिवाळीत परकर-पोलकं होईल का त्यातून? पहिलीत आहे ती.

माई (बी-२०३): होईल गं, आणि सुंदर होईल. आधी साडी खिडकीत उजेडासमोर धर. जाळी दिसेल तिथे खडूने गोल करून ठेव. मग दोन्ही अंगठ्यांत धरून हलकी ताणून बघ. चर्र वाजली की तेवढं कापड गेलं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलं की घडीवर तुटतं, बाकीची साडी धड असते. तेवढे पट्टे सोडून सलग अडीच-तीन मीटर निघाली की बास.

आर्याची आई: निघेल, पदराकडची बाजू चांगली आहे. पण पोलकं पण बसेल का त्यात? साडीचा पन्हा ४५ इंच भरतोय.

माई: तिची कंबर ते घोटा किती?

आर्याची आई: २६.

माई: मग ऐक. खालचा काठ हाच परकराचा घेर, त्याला तुरपाई लागत नाही. २६ उंची, दीड इंच नेफा. शिवाय काठाच्या वर एकेक इंचाचे दोन टक घालू, त्यात चार इंच कापड दडतं. झाले साडेएकतीस. वर साडेतेरा इंचांची पट्टी उरली, तिला दुसरा काठ आहेच. त्यातून पोलक्याची पाठ-पोट निघतं आणि बाह्या पदरातून. पुढच्या दिवाळीला एक टक उसवायचा, त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. आमच्या आईने माझा एक परकर असा तीन वर्षं चालवला होता, आणि दर वर्षी तो मला नवाच वाटायचा, कारण आतला न विटलेला रंग बाहेर यायचा.

आर्याची आई: हे मला सुचलंच नसतं माई!

माई: अजून एक. विरलेल्या रेशमाला आतून सुती अस्तर लावायचंच, म्हणजे ताण अस्तरावर जातो. मांजरपाट नवं आणलंस तर आधी पाण्यातून काढून वाळव. मी एकदा भाचीच्या परकराला घाईत कोरं अस्तर लावलं. पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं, वरचं कापड फुगलं आणि सगळी मेहनत वाया गेली. ती पोर रडली होती, अजून आठवतं मला.

शेजारच्या वहिनी (ए-४०२): माई, माझ्याकडे पण जरीची एक आहे, पण ती खरी रेशमी का नायलॉनची ते कळत नाही. दिवे, फटाके असतात म्हणून विचारते.

माई: आतल्या शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धर आणि पेटव. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटात चुरली तर रेशीम. वितळून काळा कडक मणी झाला तर नायलॉन नाहीतर पॉलिस्टर. त्याचं लहान मुलाला काहीही शिवू नका. सुती पेटतं, पण अंगाला चिकटत नाही. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

बुधवार

सेक्रेटरी (बी-१०२): सर्व सभासदांना कळविण्यात येते की, जुने कपडे व चपला-बूट रविवारपर्यंत गेटजवळच्या गोणीत आणून टाकावेत. माळावर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आहेत. त्यांच्या कोप्यांपाशी (झोपड्यांपाशी) नेऊन देऊ. थंडी सुरू होतेय, लहान मुलं आहेत.

तात्या (सी-३०१): सेक्रेटरी साहेब, विचार चांगलाच आहे, पण गोणीत नको. २०१९ च्या ऑगस्टला, महापुरात, मी सांगलीच्या गावभागात राहायला होतो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळीच ४५. आमचा तळमजला सगळा गेला. नंतर मदत आली, माणसं जीव तोडून आली, ते मी कधी विसरणार नाही. पण कपड्यांचे जे ढीग आले ते बघून पोटात कालवाकालव व्हायची. ओले, कुबट, एका पायाचा बूट, चेन तुटलेल्या पँटी. आम्हाला लागत होते टॉवेल, आतले कपडे, पोरांच्या मापाचं काहीतरी. माझा नातू तेव्हा पाच वर्षांचा. ढिगात हात घालायला तयार नव्हता. म्हणायचा, "आजोबा, हे कुणाचे?" त्याला मी काय सांगणार? त्या ढिगातलं कितीतरी शेवटी चिखलातच गेलं.

सेक्रेटरी: तात्या, तुमचं खरं आहे. मग कसं करायचं?

माई: मी सांगू का? जुना कपडा द्यायला कसलीच हरकत नाही. आपल्याकडे बाळाला पहिलं अंगडं आजोबांच्या मऊ धोतराचं घालतात, ते काही कमीपणाचं नसतं. कारण ते त्या बाळासाठी शिवलेलं असतं. आपणही तेच करू. आधी कोप्यांवर जाऊन मुलांची मापं घेऊ, मग गोणी उघडू. माझं मशीन आहे, ए-४०२ मधे आहे, अजून दोन घरात धूळ खात असतील.

शेजारच्या वहिनी: मी येते मापं घ्यायला.

तात्या: मी पण. गाडी माझी.

साहिल (सी-१०३): मी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी वाचत होतो. एका सुती टी-शर्टामागे कापसापासून धरलं तर साधारण २,७०० लिटर पाणी जातं. आपल्या मिरजेतून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती ना, पहिल्या गाडीत दहा वाघिणी, जवळपास ५ लाख लिटर. म्हणजे ती सगळी गाडी दोनशे टी-शर्टांनाही पुरली नसती. आपल्या गोणीत तेवढे कपडे सहज जमतील.

तात्या: अरे बापरे. ती गाडी भरताना बघायला मी गेलो होतो की.

शाळेतल्या बाई (बी-३०४): गूंज संस्थेचं काम याच विचाराचं आहे. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केली, २०१५ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांच्याकडे कपडे निवडून, दुरुस्त करून, ज्या भागाला जे लागेल तेच पाठवतात. आणि गावाने आपलं एखादं काम केलं, विहीर खोदली, रस्ता केला, की त्याचा मान म्हणून कपडे मिळतात. मला ते फार पटतं.

गुरुवार रात्री

शेजारच्या वहिनी: जाऊन आलो. अकरा मुलं आहेत, सगळ्यात लहान दीड वर्षाची, मोठा मुलगा बाराचा. काही बीडकडची, काही आपल्याच जत भागातली. मापं वहीत लिहिलीत, पण जे बघितलं ते सांगते. मुलं आईबापांबरोबर फडात जातात. उसाच्या पानांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, सगळ्यांच्या हातांवर ओरखडे. तोडल्यावर जमिनीत जो खुंट राहतो तो तिरका, टोकदार. आणि पोरं अनवाणी. एका मुलीच्या टाचेला चिंधी बांधली होती. आणि कोप्या सगळ्या पाचटाच्या, उसाच्या वाळक्या पाल्याच्या, दारातच चूल.

माई: मग ठरलं. सगळं सुती, बाह्या पूर्ण, पँटी घोट्यापर्यंत. झालर, ओढणी, गळ्याला नाडी काही नाही. चुलीजवळ ते नको आणि नाडी खेळताना अडकते. इलॅस्टिकचा नेफा. लहानग्यांना बटणं पण नकोत, उपटून तोंडात घालतात.

सेक्रेटरी: पूर्ण बाह्यांचे माझे ऑफिसचे सात-आठ शर्ट आहेत. कॉलर झिजलीय फक्त.

माई: उत्तम कापड असतं ते. कॉलर उसवून काढायची, गळ्याला तिरकी पट्टी लावायची. पुढची बटणपट्टी तशीच ठेवली की नवीन काजं करायला नकोत. बाही कफापासून वर मोजून कापायची, म्हणजे कफ आयता मिळतो. पँट पण तशीच. पुरुषांची पँट बसायच्या जागी आणि गुडघ्यावर जाते. गुडघ्याखालचं कापड कोऱ्यासारखं असतं आणि खालची दुमड शिवलेलीच. चार-पाच वर्षांच्या मुलाचे दोन पाय त्यातून निघतात, वर नेफा केला की झालं. जीन्सला मात्र १६ नंबरची सुई लावा, नेहमीची मोडते.

आर्याची आई: स्वेटर आहेत तीन, हाताने विणलेले. कोपर फाटलेत.

माई: उसवून लोकर काढ, लडी करून कोमट पाण्यात बुडव आणि वजन न बांधता वाळव, कुरळेपणा जातो. टोप्या आणि पायमोजे विणू. दुकानातले काही स्वेटर कापून जोडलेले असतात, त्यांचा धागा सलग येत नाही. ते तसेच कापून बंडी करायची.

शुक्रवार

साहिल: बुटांचं काय करायचं? दोन धावपटूंनी झिजलेल्या रनिंगच्या बुटांच्या सोलच्या चपला करायला सुरुवात केली, ग्रीनसोल नावाने. श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी. शाळेतल्या मुलांना देतात.

तात्या: मी आपल्या कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या मामांना विचारून आलो. ते म्हणाले, मोठ्याचा बूट लहान होत नाही, तो नाद सोडा. पण कातडी पर्स, पट्टे, जुन्या कोल्हापुरीचं तळवं यातून पोरांची सँडल नीट होते. खाली सायकलच्या टायरचा तुकडा, खुंट आत येत नाही. आपल्या मुलांचे शाळेचे काळे बूट मात्र जसेच्या तसे चालतील. वर्षात पाय वाढतो, बूट तसाच राहतो.

शाळेतल्या बाई: त्यातही बघून द्यायला हवं. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला झिजलेली असेल तर तो पहिल्या मुलाच्या चालीचा झालेला असतो, दुसऱ्याच्या पायाला त्रास होतो. आतलं पातळ तळवं काढून टाकून नवीन घाला, दोन दिवस कडक ऊन द्या. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी.

तात्या: मामांनी पाय मोजून आणायला सांगितलेत. कागदावर उभं करून भोवती पेन्सिल फिरवायची. मजुरी मी विचारली तर म्हणाले, टायरचे आणि सोल्युशनचे द्या, पोरांच्या चपलांचं काय घ्यायचं. मी म्हटलं, नाही मामा, तुमचं काम आहे, पूर्ण घ्यायचं. जोडीमागे ठरवून आलोय. सोसायटीच्या सणाच्या वर्गणीतून द्यावेत असं माझं मत आहे.

सेक्रेटरी: माझी मान्यता आहे. कुणाची हरकत असेल तर आजच सांगावी.

शेजारच्या वहिनी: हरकत कसली!

रविवार

आर्याची आई: आज दुपारी माईंकडे चार मशीनं चालू होती. आर्याचा परकर झाला. पोलक्याच्या गळ्याला हिरवा काठ बसवलाय, सासूबाईंच्या फोटोसमोर उभी राहून दाखवून आली. सासरे काहीच बोलले नाहीत, नुसता काठावरून हात फिरवत राहिले. तिची एकच तक्रार आहे, परकराला खिसा नाही.

माई: पाठव तिला. बाजूच्या शिवणीत बसवून देते. आणि वहिनी, त्या टाचेला चिंधीवाल्या मुलीच्या मापापुढे तुम्ही वहीत बारीक अक्षरात काय लिहिलंय? मला चष्म्यातून लागत नाहीये.

शेजारच्या वहिनी: "खिसा पाहिजे म्हणाली." दोन, माई. दोन्ही बाजूंना.

माई: बरं. तिचं मी उद्या सकाळी आधी घेते. तात्या, उद्या जाताना पायांचे कागद विसरू नका, मामांना मंगळवारीच द्यायचेत. इलॅस्टिक पाऊण इंची संपलंय, कापड पेठेत कुणी जाणार असेल तर दहा मीटर आणा.

साहिल: मी उद्या जातोय, आणतो.