कंबर दुखली की एक्स-रे, अन् एक्स-रेत 'गॅप': हे घाबरवणं बंद करा

कपाशीवाला_राळेगाव
काल गावाच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती: 'कंबर दुखते? वेळ घालवू नका, एक्स-रे काढा. गॅप दिसला की रोग सापडला.' खाली मोफत शिबिराची तारीख. डोकं फिरलं, म्हणून लांबलचक लिहितोय.

आमच्या गावात अर्ध्या घरांत खुंटीला एक्स-रेची पिशवी लटकलेली आहे. रिपोर्ट सगळ्यांचा सारखाच: मणक्यांमधली जागा कमी (यालाच 'गॅप' म्हणतात), हाड वाढलं, झीज. तेवढ्यावर माणूस पट्टा बांधून खाटेवर बसतो आणि वावरात जाणं सोडतो.

2015 साली अमेरिकी संशोधकांनी 33 अभ्यास एकत्र केले. 3110 माणसं, एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरी त्यांच्या एमआरआय आणि सीटीत विशीतल्या 37 टक्क्यांना मणक्यांमधल्या गादीची झीज होती, ऐंशीच्या लोकांत 96 टक्क्यांना. साध्या एक्स-रेत तर गादी आणि नस दिसतच नाही. बंद घराचा फोटो काढून आत भांडण चाललंय का ते सांगायचं, असला हा प्रकार.

संत्राबाग_मोर्शी
आकडे तुमचे तुम्हाला लखलाभ. माझी आई मोरीत घसरली, नंतर वाकूनच चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, एक्स-रेची गरज नाही, गोळ्या घ्या. शेवटी मीच हट्टानं काढून आणला, तर मणका चेपलेला. तुमचे 3110 लोक तेव्हा कुठे होते?

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या इकडं तं उसण भरली का पायाळू मानसाची लाथ खायाची, झालं मोकळं! माह्या मावशीले एका लाथेत बरं वाटलं. एक्स-रे गिक्स-रे काई नाई. फुकटचं काम.

फिजिओ_वर्धा
ठेचाभाऊ, संत्राबाग यांच्या आईला ती लाथ बसली असती तर? ठिसूळ हाडावर लाथ मारणाऱ्याला हात जोडून नमस्कार करा आणि घरी पाठवा. मावशीची उसण आपोआपही गेली असती, बहुतेकांची काही दिवसांत जातेच.

कपाशीवाले, तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच. जागा कमी होणं आणि कंबरदुखी यांचा थोडा संबंध अभ्यासांत दिसतो. मात्र दुखण्याचं कारण तेच, असं ठामपणे म्हणता येत नाही. 1997 च्या एका आढाव्यातही हेच निघालं. एक्स-रे कधी काढायचा? म्हातारं माणूस पडलं, बरीच वर्षं स्टेरॉइड चालू आहे, आधी कॅन्सर होऊन गेलाय, ताप येतो, वजन घटतंय. आणि लघवी अडकली, पायातला जोर गेला किंवा बसायची जागा बधिर झाली तर शिबिराची वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. आपल्याकडे मणक्याचा टीबीही आहे. तो सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, म्हणजे 'नॉर्मल आला' म्हणूनही निर्धास्त राहू नका.

बाकीच्यांना मी आधी विचारते, काम काय करता? सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर, नाहीतर दिवसभर वाकून निंदण. बायांची तर कमरेला कापसाची ओटी. शिबिरात हे कोण विचारतं?

दहा_एकर
आला का विषय मजुरीवर! म्हणजे कंबर दुखते तीही शेतकऱ्यामुळेच. ताई, वेचणीला माणूस मिळत नाही. गाडी करून दुसऱ्या गावातून बाया आणाव्या लागतात, भाडं आमच्या डोक्यावर. दव असताना वेचला तर कापूस ओला. 12 टक्क्यांवर ओलावा गेला की सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) घेत नाही, व्यापारी भाव पाडतो. आमच्या कमरेचा एक्स-रे कोण काढणार?

कपाशीवाला_राळेगाव
दहा एकरवाले, धागा मणक्याचा आहे. सातबारा नंतर काढा.

वेचणारीची_लेक
नाही, आता निघालाच आहे तर बोलूच. मजुरी किलोवर. ओटी रिकामी करायला बांधापर्यंत जायचं म्हणजे तेवढ्या वेळात शेजारीण अर्धं तास, म्हणजे कपाशीची अर्धी ओळ, वेचून पुढे जाते. म्हणून आई भरलेली ओटी पोटाशी घेऊनच दुसरं तास धरते. खालची बोंडं वेचायला वाकली की सगळं वजन कमरेच्या गाठीवर. संध्याकाळी लुगड्याखाली गाठीचा वळ उठलेला असतो. डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला, 'झीज आहे, वाकू नका' म्हणाले. वाकायचं नाही तर वेचायचं कसं?

दहा_एकर
मग रोजानं या. किलोवर द्या म्हणून तुम्हीच अडून बसता.

वेचणारीची_लेक
रोज किती देता ते इथे सगळ्यांसमोर लिहा की, काका. तिथे हात आखडतो.

वऱ्हाडी_ठेचा
हे बरं हाये! एक्स-रेवरून भांडन, अन् पोचलो कापसाच्या काट्यावर. माह्या मावशीचं कोनी विचारून नाई रायलं.

कपाशीवाला_राळेगाव
विषयावर येतो. संत्राबाग, तुमच्या आईचा एक्स-रे पहिल्याच दिवशी व्हायला हवा होता, यावर भांडण नाही. माझं भांडण सरसकट काढणाऱ्यांशी. ब्रिटनमध्ये 421 रुग्णांवर तपासून पाहिलं, 2001 सालची गोष्ट. ज्यांचा एक्स-रे काढला, त्यांच्यात तीन महिन्यांनी कंबर दुखतेय म्हणणारे जास्तच निघाले. पण पुढे विचारलं तर उपचारांवर खूशही तेच जास्त! शिबिरवाल्यांना हे खूश होणं बरोबर कळलेलं आहे.

संत्राबाग_मोर्शी
मेहरबानी झाली, आईला सांगतो. तरी एक सांगा, गरीब माणसाला डॉक्टरनं हात लावून नीट तपासलं असतं, तर तो फोटोच्या मागे लागला असता का? तिथे दोन मिनिटांत चिठ्ठी हातात मिळते.

फिजिओ_वर्धा
हे मात्र खरं. ओपीडीतली रांग बघितली तर डॉक्टरचंही फार चुकत नाही, पण खरं.

दहा_एकर
मी शिबिराला जाणार. फुकट आहे.

वेचणारीची_लेक
जा. आणि येत्या वेचणीला दर चार ओळींमागे एक पोतं अन् ओटी घ्यायला एक माणूस ठेवता का, ते सांगा.

दहा_एकर
पोतं ठेवतो. माणूस तुम्ही आणा.