मदत हवी आहे: हवा कमी केली की मागचा व्हॉल्व्ह तिरका होतो

गाडी हीरोची एक्सपल्स 200 4व्ही बाइक, नवीच. पुढे 21, मागे 18 इंची स्पोकची चाकं, दोन्हीत ट्यूब. घाटातल्या खडकाळ वाटेसाठी मागची हवा 16 पीएसआयवर आणली की व्हॉल्व्ह रिमच्या भोकात एका बाजूला झुकतो. म्हणजे टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूबला ओढत नेतोय. असंच चालवलं तर व्हॉल्व्ह बुडापासून फाटेल, तिथे पॅच टिकत नाही. व्हॉल्व्हचा रिमला आवळलेला नट सैल करून टोपीपाशी नेलाय, निदान तिरकेपणा चटकन दिसतो.

आता मागे रिम लॉक (टायरची कड आतून रिमवर दाबून धरणारा तुकडा) बसवावं का? त्यासाठी रिमला भोक पाडल्यावर चाकाचा तोल राखायला त्याच्या समोर किती वजन लावता? की लॉकशिवाय 20च्या खाली जाऊच नये? (पंक्चरवाल्याने टायर चढवताना साबण जरा सढळ हाताने लावला होता, तेही कारण असेल का?)